भोंग्याचे दुसरे कडवे

९ ऑक्टोबर

भोंऽऽऽ… आणि मग जरा खालच्या पट्टीत, तुटक, भों.

कालव्याच्या तोंडाशी धुके उतरले की बोटींना काठ कळावा म्हणून हा भोंगा सुरू व्हायचा. पहिला स्वर म्हाताऱ्याच्या सुस्काऱ्यासारखा, दुसरा त्याच म्हाताऱ्याने "हं" म्हटल्यासारखा. मी पांघरुणात दचकून उठलो की आई कूस बदलत म्हणायची, "झोप रे. तो जागा आहे."

हा आवाज मी पोटाशी धरून जग फिरलो. मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्या केल्या, आणि अखेरची सव्वीस वर्षे जॉर्जियात, काळ्या समुद्राच्या काठी कोबुलेतीला काढली. लमाराशी लग्न झाले तेव्हा तिला मी माझ्या गावाबद्दल पहिली गोष्ट सांगितली ती ही. तोंडाने भोंगा वाजवूनच दाखवला. ती गंभीरपणे म्हणाली, "तुमच्याकडे म्हशी फार आजारी पडतात का?"

परवा आम्ही आलो. लमाराच्या व्हिसासाठी तिबिलिसीच्या वकिलातीतली मुलाखत, डॉक्टरची तपासणी, उघडायचा नाही असा बंद लखोटा, शिकागोच्या विमानतळावर तिच्या बोटांचे ठसे, सगळे पार पडले. ठसे घेणारा म्हणाला, "वेलकम होम, मॅडम." तिला! मी शेजारी उभा, याच देशात, अगेट लँडिंगमध्ये जन्मलेला, त्र्याहत्तर वर्षांचा. मला म्हणाला, "तुम्ही बाजूला व्हा."

माझी थोरली बहीण लेम्पी दोन घरे सोडून राहते. आईवडिलांचे घर तिनेच झाडूनपुसून ठेवले होते. आज पहाटे दाट धुके. मी कान देऊन पडून राहिलो. काहीच नाही. सकाळी लेम्पीला विचारले, "भोंगा का गं वाजत नाही?"

"भोंगा? तो केव्हाच पलीकडे गेला."

आमच्या गावात याचा अर्थ पोरासोरालाही कळतो. कालव्याच्या या काठावर गाव, त्या काठावर टेकडी आणि टेकडीवर दफनभूमी. पूल ओलांडून जाणारी शेवटची गाडी ज्याची त्याची ठरलेली. म्हणून माणूस मेला असे आम्ही म्हणत नाही. पलीकडे गेला म्हणतो.

घाबरत घाबरत पुढचे विचारले. "आणि थोरसन बाई?"

"त्याही गेल्या पलीकडे. कोविडच्या आधीच." लेम्पीने कॉफी ओतता ओतता माझ्याकडे पाहिले. "यायला फार उशीर केलास, वायनो."

१२ ऑक्टोबर

थोरसन बाईंवर लिहायला बसतो आणि कागद ओला होतो.

चौथीला त्या आम्हाला होत्या. नुकत्याच शिकून आलेल्या, लाल लोकरी टोपी घालणाऱ्या. कविता पाठ झाली नाही तर छडी नाही, ओरडा नाही, फक्त म्हणायच्या, "बरं, मग आज तुझ्याकडे घरी न्यायला काही नाही." त्या वाक्याने पोरे रडायची. भोंग्यावरची कविता त्यांनी स्वतः केली होती, आमच्या वर्गासाठी. कुठल्या पुस्तकात नाही. आमच्या वर्गाखेरीज जगात ती कुणाला ठाऊक नाही.

भोंगा म्हणतो, ये गं, ये गं,
धुक्यात चुकल्या नावे, ये गं;
दिवा दिसेना, तरिही काठ
तुझीच बघतो आहे वाट.

दुसरे कडवे होते. ते मला आठवत नाही. तेव्हाही आठवले नव्हते. शाळेच्या समारंभात मी व्यासपीठावर उभा, पहिले कडवे खणखणीत म्हटले आणि पुढे कोरी पाटी. सभागृहात कोणीतरी खोकले. आणि पोरांच्या रांगेतून एल्मर ट्रेमेन उठला, जागच्या जागी उभा राहून त्याने दुसरे कडवे म्हणून टाकले. टाळ्या त्याला. बाईंनी त्याच्याकडे पाहून मान डोलावली. ती मान मला अजून दिसते.

आणि दैवाची थट्टा पाहा. लमाराच्या व्हिसासाठी इथे कमाई असलेला जामीन हवा होता. माझे पेन्शन परदेशातले, लेम्पीचे तुटपुंजे. लेम्पीने आपण होऊन गावातल्या एकाला विचारले आणि त्याने सही केली. एल्मर ट्रेमेन. माझी बायको या देशात आहे ती त्याच्या सहीवर.

कोबुलेतीला असताना हे मनाला लागले नव्हते. इथे लागते.

२० ऑक्टोबर

एल्मर आला. पिकअपमधून सरपण घेऊन. त्याची बायको जाऊन बरीच वर्षे झाली, तरी शर्टाला इस्त्री. केस पूर्वीइतकेच, हे मुद्दाम लिहितो.

"काय रे वायन्या! म्हातारा झालास की!"

"आपण एकाच वर्गात होतो, एल्मर."

"हो, पण मी पुढच्या बाकावर." आणि स्वतःच हसला. मग लमाराकडे वळला. "तुमचं नाव काय म्हणालात? ल-मा-रा? छे, आमच्या जिभा थंडीनं आखडलेल्या. लारा म्हणतो. चालेल?"

"चालेल," लमारा म्हणाली. इंग्रजीत! घरात आम्ही तिचीच भाषा बोलतो. तिच्या तोंडून इंग्रजी शब्द काढायला मला एरवी सणवार लागतो.

एकोणीस वर्षांच्या संसारात तिचे नाव आखूड करायचे धाडस मला झाले नाही. याने सरपण उतरवता उतरवता केले.

तिने त्याला खाचापुरी दिली, चीज भरलेली तिकडची रोटी. त्याने तीन खाल्ल्या. मी मोजल्या असे नाही; ताटली माझ्यासमोरच होती.

३ नोव्हेंबर

पोस्टात गेलो. खिडकीवरच्या मुलीने नाव विचारले. मी सांगितले. म्हटले, माझे वडील पुलावर नोकरीला होते, पूल वर उचलायचे काम त्यांचे. तिने नम्रपणे ऐकले. मग एकदम चेहरा फुलला. "अच्छा! म्हणजे तुम्ही लाराचे मिस्टर!"

या गावात मी जन्मलो, या कालव्यात पोहायला शिकलो, आणि महिनाभरात मी लाराचा मिस्टर झालो.

परतताना ओळखीच्या खुणा शोधत हिंडलो. केस कापणारा हेन्री? "पलीकडे गेला." दातांचे डॉक्टर? "तेही पलीकडे." कोपऱ्यावरच्या बेकरीच्या जागी गोधड्यांचे दुकान. आत विचारले तर बाई म्हणाल्या, "बेकरी ना? ती पण गेली हो पलीकडे, गेल्याच्या गेल्या वर्षी."

मी थबकलो. आमच्या गावची भाषा किती काव्यमय आहे! बेकरी बंद पडली असे कोरडे न बोलता तिलाही माणसासारखे मरण देतात, टेकडीवर जागा देतात. घरी येऊन लमाराला हे समजावून सांगितले. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "पण तिथला ब्रेड चांगला असतो."

तिचा 'असतो' आणि 'असायचा' यातला घोळ अजून जात नाही.

१७ नोव्हेंबर

लमाराचे हिरवे कार्ड, इथे कायम राहायचा परवाना, आले. तिने ते खिडकीशी धरून वाचले, मग पुसले, मग देवघराच्या फळीवर मेरीमातेच्या तसबिरीमागे ठेवले. मी म्हणालो, "आता तुला माझी गरज नाही." थट्टेत म्हणालो. ती म्हणाली, "बर्फ उपसायला आहे," आणि हसली. मी हसलो नाही असे तिने पाहिले असावे.

त्याच जेवणात तिने सांगितले की मंगळवारी आणि शुक्रवारी ती एल्मरबरोबर पलीकडच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जाणार. टेकडीखाली आता इस्पितळ, दुकाने, वृद्धाश्रम असे बरेच झाले आहे म्हणे. मी त्या बाजूला गेलेलो नाही. आईवडिलांना पोचवायला मला येता आले नव्हते; आता नुसते हिंडायला कसा जाऊ?

"एल्मर तिथे काय करतो?"

"जेवणाची गाडी चालवतो. आणि काम झालं की माझा धडा."

"कसला धडा?"

"इंग्रजीचा."

मी घास खाली ठेवला. मी! ज्याने अर्ध्या कोबुलेतीला इंग्रजी शिकवले! "मी आहे ना शिकवायला."

"तू शिकवत नाहीस, वायनो. तू चुका काढतोस."

२९ नोव्हेंबर

गुडघाभर बर्फ. आज एक नाजूक प्रसंग घडला, आणि मी त्याला नीट सामोरा गेलो असे वाटते.

लमारा पलीकडून आली, टोपी झटकली, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "वायनो, तुला बाईंकडे यायचं का? थोरसन बाईंकडे. पलीकडे. मी घेऊन जाते."

मला भरून आले. परक्या देशातली बाई, पण तिला उमगले की माझ्या मनात काय सलते आहे. तिच्याकडे ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सगळे गाव थडग्यांशी जाऊन बसते, रंगवलेली अंडी ठेवते, पेला ओतते. त्या रीतीने विचारत होती.

मी म्हणालो, "इतक्यात नको. बर्फ वितळू दे."

"बर्फाचं काय? एल्मर नेईल."

"नको. बाई माझ्या मनात लाल टोपीतल्या आहेत. मला त्यांना तसं पाहायचं नाही."

तिने टोपी खुंटीला लावली. "तसं म्हणजे?"

"तुला कळतंय, कसं ते."

"कळलं," ती म्हणाली. पण आवाज थंड होता. आणि जेवताना काही बोलली नाही. भावनेने दाटून येऊन तिला शब्द फुटले नसतील.

८ डिसेंबर

चर्चच्या तळघरात पास्टीचा दिवस. दरवर्षी नाताळाआधी गावातल्या बायका मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या शेकडो पास्ट्या करून विकतात. सारणात गाजर घालायचे की नाही यावर इथे घरे फुटली आहेत. लमाराने अक्रोड आणि कोथिंबीर घातली. मी जीव मुठीत धरून बसलो होतो, की आता हिला हाकलतात. दुपारपर्यंत अक्रोडाच्या संपल्या, गाजराच्या उरल्या. मिसेस नायकानेन, जिने माझ्या आईच्या पास्टीला जन्मभर नावे ठेवली, ती लमाराला म्हणाली, "लारा, तुझा हात सोन्याचा गं."

मी कोपऱ्यात कॉफी पीत होतो. कुणीतरी येऊन विचारले, "तुम्ही पाहुणे का?"

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. गर्दीत एल्मरने तिच्या हातातले जड तबक घेतले, आणि ती म्हणाली, "गेनात्सवाले."

तिच्या भाषेत हा शब्द म्हणजे तुझ्यावरून जीव ओवाळून टाकावा, तुझी इडापिडा मला लागो. मला ठाऊक आहे, कोबुलेतीच्या बाजारात ती हा शब्द भाजीवाल्याला म्हणायची, बसच्या ड्रायव्हरला म्हणायची, एकदा तर चावऱ्या गाढवालाही म्हणाली होती. पण तो तिथला बाजार होता. इथे तो शब्द कळणारा माणूस मी एकटा. इथे तो माझा होता.

लेम्पीने माझे तोंड पाहिले. "काय झालं? पोट बिघडलं?"

"काही नाही."

"अक्रोड सोसले नसतील," ती म्हणाली.

२५ डिसेंबर

सॉना, आमची वाफेची खोली, तापवली. घाम आला, मन हलके झाले नाही. एल्मरने लमाराला बर्फात चालायचे बूट दिले. मापाचे. मी तिला मोजे दिले. मोठे झाले.

१४ जानेवारी

हे लिहू की नको असे सकाळपासून चालले आहे.

लमारा पीठ मळत होती. मी शेजारच्या खोलीत. मळण्याच्या ठेक्यावर ती काही गुणगुणत होती. तिकडचे गाणे असेल म्हणून लक्ष दिले नाही. मग शब्द कानावर पडले. इंग्रजी. अडखळत, पण एकेक अक्षर स्वच्छ.

भोंगा म्हणतो, काठ कुणाचा?
जन्मा आला त्याचा नाही;
धुक्यातुनी जो उतरुन आला
काठ तयाच्या पायी राही.

मी खुर्चीचा हात धरून बसलो. दुसरे कडवे. तेच. ऐकताक्षणी आठवले, जणू त्या व्यासपीठावर कुणी मला उशिरा कानात सांगितले. चौसष्ट वर्षे जे मी शोधत होतो ते माझ्या स्वयंपाकघरात, पिठात हात बुडवून, माझी बायको म्हणत होती.

आणि पुढच्याच क्षणी दुसरे कळले. ही कविता आमच्या वर्गापलीकडे कुणाला येत नाही. वर्गातले आता कोण उरले? मी, आणि तो.

मंगळवार, शुक्रवार. हाच तो धडा.

१५ जानेवारी

विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते.

१६ जानेवारी

पुन्हा पुन्हा तेच कडवे डोक्यात. जन्मा आला त्याचा नाही. बाईंनी हे लिहिले? माझ्याविरुद्ध? नऊ वर्षांच्या पोरांना ही कसली शिकवण! की एल्मरनेच एखादी ओळ फिरवली? त्याला शुद्धलेखन कधी आले नाही, पण हे असले कावे आले असतील.

लमारा सकाळी फावडे घेऊन बर्फ काढत होती. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण गाडी हळू करून तिला हात करत होता. मी खिडकीच्या आतून एकदा हात केला. एकाने केला मला. की तिलाच.

२ फेब्रुवारी

एल्मर लमाराला सोडायला आला. ती आत गेली. तो पिकअपची काच खाली करून बसला.

"वायन्या, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तू बाईंकडे का येत नाहीस? लाज वाटते काय तोंड दाखवायची? त्या कडव्यावरून अजून?" वर पुन्हा हसला. "अरे, साठ वर्षं झाली त्याला!"

मेलेल्या बाईंच्या नावाने माझी थट्टा! "बाईंचा आणि माझा काय संबंध आहे तो माझ्या मनात आहे. त्यासाठी पलीकडे येऊन हजेरी लावायची गरज नाही."

त्याचे हसू गेले. "असं? मग ठीक आहे. त्यांना वाटलं होतं तू येशील."

"त्यांना काय वाटलं होतं ते तू मला सांगू नकोस!"

"मी नाही सांगणार तर कोण सांगणार? तू तर विचारतही नाहीस." काच वर गेली. पिकअप निघून गेली.

आत आलो तर लेम्पी बसलेली. तिने सगळे ऐकले होते. "कविता म्हणतोस, डोळे मिटतोस," ती म्हणाली, "आणि बाईंसाठी अर्धा तास निघत नाही तुझ्याच्यानं. आई असती तर तिनं कानाला धरून नेलं असतं."

माझी बहीणही त्याच्याच बाजूची.

९ फेब्रुवारी

ठरवले. मार्चमध्ये परत कोबुलेतीला. तिथे मी मास्तर आहे. तिथे रस्त्यात लोक टोपी काढतात. तिथे एल्मर नाही.

घर मात्र तिथे नाही. लमाराच्या आईचे होते, डाळिंबाच्या झाडासकट, ते येताना विकले. भाड्याने काही मिळेल. वर्षभर बाहेर राहिले तर तिचे कार्ड जाईल असे म्हणतात. जाऊ दे. कार्डासोबत जामीनही जाईल.

उद्या सांगतो.

१० फेब्रुवारी

सांगितले. जसे घडले तसे लिहितो.

ती मासा साफ करत होती. मी म्हणालो, "मार्चमध्ये परत जाऊ."

"फिरायला?"

"कायमचं."

तिने सुरी खाली ठेवली. हात पुसले. एकेक बोट पुसले. "आईचं घर विकताना तू मला काय म्हणालास? ‘लमारा, मला मरायला माझा काठ हवा.’ म्हणालास ना? मी रडले नाही. डाळिंबाच्या झाडाला हात लावून निघाले. आता मला इथं फावडं धरता येतं, गाजरवाल्या बायकांशी भांडता येतं. आणि तू म्हणतोस, उठ. का?"

"मला इथं कुणी ओळखत नाही."

"तू कुणाला भेटतोस? खिडकीतून ओळख होते? पलीकडे एकदा तरी आलास?"

"पलीकडे, पलीकडे! पलीकडे काय चाललंय ते मला माहीत आहे!"

"माहीत असून येत नाहीस?" आता तिचा आवाज चढला. "दर वेळी विचारतात तुझ्याबद्दल. दर वेळी! मी काय सांगू? आज सर्दी, उद्या गुडघा. खोटं बोलून बोलून माझं इंग्रजी सुधारलं!"

कोण विचारतात? एल्मर आणि त्याचे पत्त्यांच्या टेबलावरचे सवंगडी असणार. बिचाऱ्या नवऱ्याची चौकशी.

"मला कुणाचंही तोंड बघायचं नाही," मी म्हणालो. "आणि उद्यापासून तूही जायचं नाहीस."

लमारा मला ओलांडून दारापर्यंत गेली, परत आली.

"ठीक. तू येत नाहीस ना? मग मी घेऊन येते. उद्या. या दारात. मग काय सांगायचं ते तोंडावर सांग."

"आण," मी म्हणालो. "खुशाल आण."

ती शेजारच्या खोलीत जाऊन फोनवर बोलली. "एल्मर, उद्या… हो, घरी… फळ्या आण." आणि शेवटी, अगदी मऊ आवाजात, "गेनात्सवाले."

फळ्या?

११ फेब्रुवारी

अक्षर वाकडे येते आहे. तरी क्रमाने लिहितो.

सकाळपासून दाट धुके. लमारा न्याहारी करून बाहेर पडली. तसबिरीमागे कार्ड नव्हते. पर्समध्ये नेले असणार. कोबुलेतीहून आणलेली तिची निळी पेटी मात्र पलंगाखाली होती. ओढून पाहिली, जड लागली. उघडली नाही.

मी दाढी केली. चांगला शर्ट घातला. तो तसाच इस्त्रीचा घालून येणार हे मला ठाऊक होते. आरशासमोर भाषण म्हणून पाहिले. "एल्मर ट्रेमेन, शाळेत तू माझं कडवं घेतलंस. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, गप्प बसलो. आता बसणार नाही." इथपर्यंत छान जमत होते. मग पुढे "तिला विचार" की "तिला सोड" हे ठरेना. आणि तिने माझ्यासमोर त्याचे नाव घेतले तर? खुर्चीवर बसून मी तिला मनातल्या मनात लारा अशी हाक मारून पाहिली. जमली नाही. ती लमाराच आहे. समुद्राकडून येताना पायांना वाळू लागलेली, माझ्या भोंग्याला म्हैस म्हणणारी. ती गेली तर मी कुठल्या काठावरचा?

दुपारी पिकअप वाजली. धुक्यात फक्त दिवे दिसत होते. मी पडद्याआडून पाहिले. एल्मर उतरला, मागून दोन लांब फळ्या काढल्या आणि आमच्या पायऱ्यांवर एकाशेजारी एक टाकल्या. पायाने दाबून पाहिल्या.

मला कळले. पेटी न्यायला आले आहेत. जड पेटी पायऱ्यांवरून उचलायची नाही, फळ्यांवरून घसरवत न्यायची.

मी धावत दारापाशी गेलो. भाषण विसरलो. एकच ठरवले, की पेटी या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. बाहेर लमारा म्हणत होती, "हळू, हळू, डावीकडे!" एल्मर धापा टाकत होता. फळ्या करकरल्या. चाक फिरल्यासारखा आवाज झाला. मी कडी काढली, दार सताड उघडले, आणि दोन्ही हात चौकटीला लावून आडवा उभा राहिलो.

"लमारा, तू जायचं नाहीस!" मी ओरडलो.

समोर लमारा नव्हती. ती मागे होती, चाकांच्या खुर्चीच्या मुठी धरून, बर्फाने भिजलेली, माझ्याकडे तोंड वासून पाहत. तिच्या शेजारी एल्मर, शर्ट चुरगळलेला. आणि खुर्चीत, तीन शालींत गुंडाळलेली, चिमणीएवढी एक म्हातारी. डोक्यावर लाल लोकरी टोपी.

माझ्या तोंडून निघाले, "पण बाई… तुम्ही तर पलीकडे गेलात."

"गेले ना. मग?" त्या म्हणाल्या. "तिथं हवा चांगली आहे. जिना नाही. भोंगासुद्धा तिथेच ठेवलाय, संग्रहालयात. धडा झाल्यावर लमाराला दाखवला मी."

लमारा. पूर्ण नाव, स्वच्छ, एकही अक्षर न खाता.

मागे एल्मर हळूच म्हणाला, "अरे देवा. वायन्या, तू… टेकडीवर गेल्या समजलास?"

हात चौकटीवरून निघेनात. चिकटले होते जणू. लमारा माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उलगडत चालली होती, बर्फ, लाल टोपी, ‘तसं पाहायचं नाही’; आणि तिचे ओठ हसावे की रडावे अशा बेतात थरथरत होते.

बाईंनी मान वर केली. तीच मान.

"वायनो, दार अडवून काय उभा? थंडी आत जातेय," त्या म्हणाल्या. "नीट उभा राहा. हात खाली. हं, सांग पाहू… काठ कुणाचा?"